खिरापत ओळखा

आमच्या गावात टीव्ही एकच होता आणि त्याला दोन तोंडं होती. अँटेना दक्षिणेला वळवला की हैदराबादचं तेलुगू दिसायचं, आणि उत्तरेला, पैनगंगेकडे वळवला की नदीपलीकडच्या टॉवरवरचं मराठी. हा टीव्ही नामदेवशेठच्या किराणा दुकानामागच्या खोलीत होता. संध्याकाळी खोली भरली की शेठ छपरावर जायला निघायचे आणि दारातून विचारायचे, "बोला जी, आज कोन्या राज्यात जाचं?" आम्ही राहायचो आंध्रात, शाळेत तेलुगूचा पेपर द्यायचो, तहसिलीत उर्दूमिश्रित दरखास्ती लिहायचो आणि घरी वऱ्हाडी बोलायचो. त्यामुळे हा प्रश्न आम्हाला मुळीच विनोदी वाटत नसे. सगळे एका आवाजात ओरडायचे, "नदीकडे!"

'फराळाला या' हा कार्यक्रम मी पहिल्यांदा पाहिला तो याच खोलीत, मी नववीत असताना, पाडव्याच्या संध्याकाळी, पिठाच्या पोत्याला पाठ टेकून. वर्षातून एकदाच, दिवाळीत, लागणारा कार्यक्रम. एक जाडे गृहस्थ आणि एक सडपातळ बाई, दोघं एका झोपाळ्यावर बसायचे. समोर फराळाचं ताट असायचं. कोणी डॉक्टर, कोणी पहिलवान, कोणी नाटकातले नट पाहुणे म्हणून यायचे, आणि हे दोघं त्यांना चकली खायला लावून असे काही प्रश्न विचारायचे की पाहुण्याला ती चकली गिळता येत नसे. गृहस्थ चांगलेच होते, पण मी पाहत राहिले ती बाईंकडे. त्या पाय दुमडून बसल्या होत्या, हसताना तोंडावर पदर घेत नव्हत्या, आणि मोठमोठ्या पुरुषांना मध्येच थांबवून म्हणत होत्या, "ते राहू द्या, खरं सांगा." माझ्या शेजारी माझी मोठीआई बसली होती. मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिने कार्यक्रम संपेपर्यंत चकार शब्द काढला नाही, आणि हे नवलच होतं. मग घराकडे चालताना तिने विचारलं, "इमे, त्या बाईले याचा पगार भेटते का वं?"

"भेटत असन," मी म्हणाले.

"गोष्टी करन्याचा?"

"हव."

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "मंग आपन फुकट काऊन मरून राह्यलो?"

मोठीआईबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिला अक्षरओळख नव्हती. अंगाने भरदार, आवाज असा की मळ्यातून हाक मारली तर घरातली मांजर उठून बसे. आमचा भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, कोपऱ्यात रताळी. पहाटे वांगी तोडताना ती शेजारच्या बेल्याच्या बाजारातल्या एकेका गिऱ्हाइकाची नक्कल करायची. वांग्याला नखाने टोचून पाहणारी मास्तरीण, तेलुगूत भाव विचारून मराठीत शिव्या देणारा कारकून, सगळे त्या ओळींमधून हिंडायचे. मी हसून हसून टोपलं खाली टाकायची आणि आई म्हणायची, "बाई, हळू हसा, भाऊजी येऊन राह्यले." माझी आई कमी बोलायची. तिचं बोलणं तव्यावरून यायचं. ज्या दिवशी ती माझ्यावर खूश असे, त्या दिवशी माझ्या भाकरीवर जवसाची चटणी जास्त असे. आजही मला कोणी कौतुकाचे चार शब्द बोललं की मला आधी ती चटणी आठवते.

आईचे हे भाऊजी म्हणजे माझे मोठेबाबा, घराचे कर्ते. न्यायी माणूस, पण शब्दाचे पक्के, आणि घरात त्यांच्यासमोर कोणी बोलायची रीत नव्हती. माझे बाबा तर मुळीच नाही. मोठेबाबा अंगणात आले की बाबा बाजेवरून उठून उभे राहायचे. भावाला त्यांनी 'हो' सोडून दुसरा शब्द दिलेला मी कधी ऐकला नव्हता. यात भीती नव्हती हे मला आता कळतं. त्यांचे वडील लवकर गेले, थोरल्या भावाने त्यांना खांद्यावर वाढवलं, आणि त्या खांद्याची जाण त्यांनी अशी उभं राहून ठेवली. पण मी दहावीत होते, आणि तेव्हा मला ते फक्त गप्प उभे दिसायचे.

त्या वर्षी मला त्यांच्या गप्प असण्याची फार भीती वाटत होती. मोठेबाबांनी नदीपलीकडच्या सोयऱ्यांना जबान दिली होती: दिवाळी झाली की पोरगी पाहायला या, तुळशीचं लग्न झाल्यावर हिचंही उरकू. माझी दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती. बेल्याच्या शाळेतले आमचे तेलुगूचे 'सार', म्हणजे सर, मला वर्गात मोठ्याने वाचायला लावायचे. दर वेळी वाचन संपलं की म्हणायचे, "चदवाली अम्मा, चदवाली." शिकलं पाहिजे, शिकलंच पाहिजे. आदिलाबादला इंटरचं, म्हणजे अकरावी-बारावीचं, कॉलेज होतं, मुलींचं वसतिगृह होतं. आमच्या घराण्यात सातवीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी आईला सांगितलं, तिने चटणी वाढली. मोठीआईला सांगितलं, ती म्हणाली, "त्यायच्यासमोर मी बोलली तं ते म्हनतीन बायकायनं कान भरले. तुह्या बापानं बोलाव." आणि बाप बोलणार नव्हता.

आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई असते. मातीची भुलाबाई आणि भुलोबा, वर ज्वारीच्या पाच धांड्यांचं मखर, रोज संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. त्याच दिवसांत गावातल्या तेलुगू घरांतून फुलांची बतुकम्मा निघायची. दोन्हीकडच्या पोरी एकमेकींच्या अंगणात जाऊन खाऊ खाऊन यायच्या. आमच्या भुलाबाईत गाण्यांपेक्षा मोठी ओढ असते ती खिरापतीची. प्रत्येक घरची खिरापत डब्यात झाकून आणतात, डबा कानाशी हलवून दाखवतात, आणि आत काय आहे ते ओळखायचं. गोड का तिखट, कोरडं का ओलं, असं विचारत विचारत. सरावलेली पोरगी नुसत्या आवाजावरून फुटाणे आणि शेंगदाणे वेगळे सांगते. पुरुष या खेळात नसतात. ते लांब बसून विड्या ओढतात.

त्या वर्षी कोजागिरीच्या आदल्या दिवशी मोठीआईने जाहीर केलं की आमच्या अंगणात 'फराळाला या' होणार. "त्यायचा झोपाळा, आपली बाज. त्यायची चकली, आपली खिरापत." पाहुणे म्हणून पुरुषांना बोलवायचं. तीनदा खिरापत चुकली की एका सवालाचं उत्तर द्यायचं, खरं द्यायचं, भुलाबाईसमोर, आणि मधात कोणी बोलायचं नाही. हा नियम तिचा. मला वाटलं, ती हे हसण्यासाठी करतेय. खरंच, तिने हसण्यासाठीच केलं असणार. पण मोठीआईच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट कधी नसे.

दिवेलागण झाली. अंगण सारवलेलं, मखराभोवती पणत्या, आणि बाजेवर आम्ही दोघी. मोठीआईच्या हातात ताक घुसळायची रवी होती, माइक म्हणून. तिने ती तोंडाशी धरून म्हटलं, "ऐका हो ऐका, ज्यायच्या घरी टीव्ही नाही त्यायच्यासाठी टीव्ही सोता चालत आली हाये," आणि अंगण जे हसायला लागलं ते थांबेना. पहिले पाहुणे नामदेवशेठ. त्यांनी डबा तीनदा हलवला आणि तीनदा चुकले. आत साधे मुरमुरे होते. मोठीआईने रवी त्यांच्यापुढे नेली. "शेठ, साखर तोलताना तुमचा आंगठा कुठं असते?"

शेठ सगळीकडे पाहून म्हणाले, "आंगठा... हाताले असते!"

"आन् हात?"

"हात तराजूले असते," असं ते बोलून बसले, आणि मग स्वतःच कपाळाला हात लावून हसले.

दुसरे पाहुणे मोठेबाबा. ते येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं; पण गावाने आग्रह केला आणि कर्त्या माणसाला मागे राहणं शोभलं नसतं. त्यांनी डब्याचा वास घेतला, झाकण दाबून पाहिलं, कोर्टात साक्ष द्यावी तसे गंभीरपणे तीन पदार्थ सांगितले आणि तिन्ही चुकले. मोठीआईने पदर सावरला. मला वाटलं, ही आता काय विचारते.

"मले पाहाले आलते तवा वापस जाऊन घरी काय म्हनलं व्हतं तुमी?"

मोठेबाबांनी मिशीवरून हात फिरवला. बायका कान टवकारून बसल्या. "म्हनलं," ते म्हणाले, "पोरगी लय बोलते."

"मंग?"

"मंग म्हनलं, चालते. मले बोलता येत नाही."

असा कल्ला मी आमच्या अंगणात पुन्हा ऐकला नाही. म्हाताऱ्या बायकांनी मोठेबाबांवरून बोटं मोडली. मोठीआईच्या हातातली रवी खाली आली. मोठेबाबा बाजेवरून उठता उठता म्हणाले, "खेळ म्हंजे खेळ. खरं सांगावच लागते." हे वाक्य साऱ्या गावाने ऐकलं.

आमच्या यादीत दोनच पाहुणे होते. मी आरतीचं ताट उचलणार, इतक्यात गोठ्याच्या भिंतीशी उभे असलेले बाबा पुढे आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते बाजेवर बसले नाहीत, बाजेशेजारी उभे राहिले, कारण मोठेबाबा समोर होते. आई घरात गेली आणि एक झाकलेला डबा घेऊन आली. बाबांनी तो कानाशी हलवला. आतून धप्प, धप्प असा जड आवाज आला, तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला असेल.

"चिवडा," बाबा म्हणाले.

पोरी फिदीफिदी हसल्या. मोठीआई म्हणाली, "भाऊजी, पुन्यांदा आयका."

बाबांनी पुन्हा हलवला. धप्प. "शेव असन."

"वो काका, शेव अशी वाजते का?" मागून एक पोरगी ओरडली.

तिसऱ्यांदा त्यांनी डबा हलवलाच नाही. तो दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "लाह्या."

सगळे हसत असताना मोठीआईने रवी माझ्या हातात दिली. "इमे, हा सवाल तू इचार." माझ्याकडे बाबांसाठी सवालच नव्हता. मला त्या झोपाळ्यावरच्या बाई आठवल्या, पाय दुमडून बसलेल्या. मी रवी घट्ट धरली आणि विचारलं, "बाबा, मी दहावीनंतर काय कराव, असं तुमाले वाटते?"

हसणं थांबलं. मोठेबाबा अर्धे उठले. "हे का खेळातलं इचारनं..."

"मधात बोलाचं नाही," मोठीआई म्हणाली. आवाज चढवला नाही. "भुलाबाई आयकून राह्यली."

मोठेबाबा बसले. बाबा जमिनीकडे पाहत होते. बोलायची सवय नसलेला माणूस जसा एकेक शब्द उचलून ठेवतो, तसे ते बोलले. "मले वाटते, तिनं अदलाबादले जाव. इंटर शिकाव. त्याच्यापुढं शिकता आलं तं तेयी शिकाव. दादाले मी हे कधी म्हनलं नाही. दादानं जबान देल्ली हाये. दादाचं मोडाव असं माह्या मनात नाही. पन सवाल मले इचारला, तं खरं हे हाये."

मोठेबाबांनी भावाकडे पाहिलं. मग म्हणाले, "डबा उघडा."

आईने झाकण काढलं. आत उकडलेली रताळी होती, गुळात घोळलेली, मनगटाएवढाली.

"सखाराम," मोठेबाबा म्हणाले, "आज सकाळी मळ्यातले रताळे कोनं खनले?"

"मी."

"खांद्यावर घेऊन घरी कोनं आनले?"

"मीच."

"आन् तुले वयखू आले नाही?"

बाबांनी डब्यात पाहिलं. त्यांच्या तोंडावर इतका साधा, पकडल्या गेलेल्या माणसाचा भाव होता की मला त्या क्षणी हसू आणि रडू एकदमच आलं. मोठेबाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "लाह्या म्हनते!" ते म्हणाले. "लाह्या! एक लाही खांद्यावर घेऊन दाखव मले!" आणि ते हसायला लागले. आधी एकटेच, फेटा सुटेपर्यंत. मग सगळं अंगण. हसणं ओसरल्यावर त्यांनी फेटा मांडीवर घेतला आणि तो गुंडाळत, कोणाकडेच न पाहता म्हणाले, "जबान मी देल्ली, मीच वापस घेतो. सोयऱ्याले उद्या जाऊन सांगतो. माह्या भावानं जन्मात एक गोष्ट मांगतली, तेयी तीनदा खोटं बोलून."

ते खरोखर दुसऱ्या दिवशी नदी ओलांडून गेले. काय बोलले माहीत नाही, संध्याकाळी परत आले, पाय धुतले आणि मला म्हणाले, "तुह्या परीक्षेचा कागद आला का सांगजो."

पुढच्या जूनमध्ये आदिलाबादला जाणाऱ्या बसमध्ये माझी पत्र्याची पेटी मोठेबाबांनीच चढवली. इंटर झालं, मग बी.ए. पदवीचा कागद घेऊन घरी आले त्या दिवशी मोठेबाबांनी तो उलटा धरून पुष्कळ वेळ पाहिला आणि कोणीही त्यांना तो सरळ करून दिला नाही. नंतर जिल्ह्याच्या रेडिओवर आठवड्यातून दोनदा लागणाऱ्या मराठी कार्यक्रमासाठी निवेदिका हवी होती. आवाजाच्या चाचणीला मी गेले तेव्हा हातात माइक नव्हता, तो समोर टांगलेला होता. मला धरायला रवी पाहिजे होती असं वाटत राहिलं. माझी निवड झाली. पहिला पगार मिळाला तेव्हा मी मोठीआईसाठी लुगडं घेतलं आणि तिला म्हणाले, "भेटते वो मोठीआई. गोष्टी करन्याचा पगार भेटते."

"मंग मलेयी लाव," ती म्हणाली.

गावच्या बायकांसाठीच्या कार्यक्रमात मी तिला एकदा पाहुणी म्हणून आणलं. मला वाटलं होतं, ती वांग्यावरच्या किडीबद्दल बोलेल. तिने पदराआडून झाकलेला डबा काढला, माइकजवळ नेऊन हलवला आणि सांगितलं, "वयखा, आत काय हाये. आन् कार्डावर लिवून धाडा." काचेपलीकडचे साहेब उभेच राहिले. पण पुढच्या आठवड्यात बेल्यापासून बोथपर्यंतची पोस्टकार्डं आली, गुडीहत्नूरहून एक तेलुगू कार्ड आलं, आणि एका शाळेच्या पोरांनी तर सगळ्यांनी मिळून एकच उत्तर पाठवलं होतं, तेही चुकीचं. त्यानंतर मोठीआई दर महिन्याला बसने यायची, हजेरीपटावर अंगठा उठवायची, डबा हलवायची आणि चुकलेल्यांची नावं घेऊन त्यांची खरडपट्टी काढायची. लोकांना बरोबर येण्यापेक्षा चुकून तिची बोलणी खाण्यात मजा वाटायला लागली. मी निवेदिका होते. बाजारात लोक मला "त्या डबेवाल्या बाईची पुतनी" म्हणून ओळखायचे. मला त्याचा आजही अभिमान आहे.

डब्याची ही बातमी नदी ओलांडून कशी गेली कोण जाणे, पण एका वर्षी दसऱ्याआधी पत्र आलं. 'फराळाला या'च्या दिवाळी भागाचं चित्रीकरण नागपूरला होणार होतं आणि आम्हा दोघींना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. तोच झोपाळा, तेच जाडे गृहस्थ, आता केस पिकलेले. आणि त्याच बाई. जवळून त्या माझ्यापेक्षा बुटक्या होत्या. मी बी.ए. झालेली, रोज माइकसमोर बसणारी, त्यांच्यापुढे झोपाळ्याच्या कडेला जेमतेम टेकले. मोठीआईने मात्र झोपाळा हाताने दाबून पाहिला, "तुटनार नाही न?" म्हणून विचारलं आणि मधोमध बसली. मग त्यांच्या पहिल्या प्रश्नाआधी तिनेच विचारलं, "बाई, तुमाले याचा पगार भेटते का वो?"

बाई हसल्या, तशाच, पदर न घेता. "भेटतो, मावशी."

"बरं हाये," मोठीआई म्हणाली आणि माझ्या मांडीवर थाप मारली. "आमच्या इमललेयी भेटते. मलेयी भेटते. तिघीयचंयी बरं चाललं म्हना."

तो भाग पाडव्याला लागला तेव्हा आम्ही दोघी गावातच होतो. आता गावात टीव्ही पुष्कळ झाले होते, तरी सगळे नामदेवशेठकडेच जमले. शेठनी या वेळी विचारलं नाही. अँटेना सकाळपासूनच नदीकडे होता. मोठेबाबा खुर्चीवर, बाबा दाराशी उभे. पडद्यावर मोठीआईने पदराआडून डबा काढला आणि माइकपाशी हलवला. धप्प, धप्प. पडद्यावरच्या बाई विचारात पडल्या. "अनारसे?" त्या म्हणाल्या. जाडे गृहस्थ म्हणाले, "छे छे, बेसनाचे लाडू." इतक्यात माझ्या मागून असा मोठा आवाज आला की शेठच्या बरण्या वाजल्या.

"रताळे!"

सगळे वळले. बाबा होते. मोठेबाबांच्या समोर, मोठेबाबांच्या आधी, छाती भरून ओरडलेले.

मोठेबाबांनी खुर्चीतून मान वळवली. "आता आलं का रे वयखू?" ते म्हणाले, आणि खुर्चीच्या बाजूला सरकून अर्धी जागा थोपटली. बाबांनी दाराची चौकट सोडली. मग आले आणि भावाला लागून बसले.